मोटारीचा अडकलेला पाय

१० जानेवारी १९५४, रविवार. अंधेरी

आज आमच्याकडे मोटार आली. पुतळाबाईनं ही बातमी फाटकातूनच ओरडून सांगितली, त्यामुळे वरच्या मजल्यावरची झाडून सगळी मंडळी मोटार बघायला खाली आली. घरमालक तर कोट चढवून आले. हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेली, होडीच्या मागे लटकवायची मोटार बघून त्यांचा चेहरा पडला. "हिच्यात बसायचं कुठं?" त्यांनी विचारलं. मी यंत्र समजावून सांगायला लागलो, पण ते कोट काढायला निघून गेले.

पुतळाबाई वेसाव्याची. चार वर्षं आम्हाला मासळी घालते. तिचा नवरा महादू वेसावं ते मढ उतारूंची तर चालवतो, म्हणजे चालवायचा. गेल्या पावसाळ्यात त्याचा उजवा खांदा निखळला, तेव्हापासून त्याच्या हातात वल्हं टिकत नाही. सकाळी मासळी विकून घरी गेली की पुतळाबाईच वल्हवते. जुहूचा एक साहेब विलायतेला परत जाताना ही मोटार महादूला देऊन गेला. महिनाभर छान चालली, मग तापून बंद पडायला लागली. कारण उघड आहे. मोटारीच्या खालच्या भागात, ज्याला आम्ही पाय म्हणतो, एक लहानसा पंप असतो. तो पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवतो. त्या पंपाची रबरी चकती गेली असणार. नवी चकती साहेबाच्या पेटीतच सापडली. तेव्हा काम एवढंच, की पाय खाली ओढून काढायचा, चकती बदलायची आणि पाय परत बसवायचा. पण पाय निघत नाही. वेसाव्यात तिघांनी हात टेकले.

मी म्हणालो, "पुतळाबाई, आता कुठेही जाऊ नका. माझे सासरे एकतीस वर्षं गोदीत होते. इंजिनांच्या खात्यात. आगबोटींची इंजिनं खोलली त्यांनी! हे तर त्यांच्यापुढे खेळणं."

पुतळाबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि घराच्या दिशेनं हात जोडले. अप्पा, म्हणजे सासरे, दाराआडच उभे होते. ते तडक मागच्या अंगणात निघून गेले. मोठे कारागीर स्तुतीला लाजतात हे ऐकून होतो, आज पाहिलं.

सुहासिनी म्हणाली, "अप्पांनी इंजिनं खोलली असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आपलं लग्न ठरवताना मध्यस्थांनीच सांगितलं की."

ती पदराला हात पुसत राहिली.

११ जानेवारी, सोमवार

ऑफिसातून आल्यावर अप्पांना मोटारीपाशी घेऊन गेलो. हात मागे बांधून त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी श्वास रोखून उभा. शेवटी ते म्हणाले, "हिच्याबरोबर कागद काय काय आलेत?"

"कागद? काहीच नाहीत."

"कागदाशिवाय माल आत घ्यायचा नसतो, विद्याधरराव."

आणि काठी घेऊन ते गावदेवीच्या डोंगरीवर दर्शनाला गेले. या वाक्याचा मी जेवताना पुष्कळ विचार केला. यंत्राचा पूर्वेतिहास जाणल्याशिवाय त्याला हात लावू नये, असा अर्थ असणार. डॉक्टरही आधी तेच विचारतो.

१७ जानेवारी, रविवार

पहिला प्रयत्न. आधी हत्यारांविषयी लिहिलं पाहिजे. सासूबाई गेल्यावर, दिवाळीनंतर, अप्पा आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून घराला शिस्त लागली आहे. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या, किल्ल्यांना नंबर, माझी हत्यारं खुंट्यांवर ओळीनं टांगलेली आणि भिंतीवर प्रत्येकाची बाह्यरेषा पेन्सिलीनं काढलेली. काहीही न्यायचं तर वहीत सही करून न्यायचं. सुहासिनीलासुद्धा कात्रीसाठी सही करावी लागते. इंजिनांत आयुष्य गेलेल्या माणसाची ही शिस्त! मी पाना नंबर चार सही करून घेतला.

पायाला वरच्या बाजूनं पाच बोल्ट दिसतात. पहिले चार तासाभरात निघाले. पाचव्यानं माझ्या उजव्या हाताची सालं काढली, पण तोही निघाला. मी काढत होतो आणि अप्पा एकेक बोल्ट हातातून घेऊन, पुसून, त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून डब्यात ठेवत होते. काय तो हात! पाळण्यातलं मूल उचलावं तसा बोल्ट उचलत होते.

मग मी पाय ओढला. हलला नाही. मोटार आडवी घालून, तिच्या डोक्यावर सुहासिनीला बसवून ओढला. सुहासिनी आणि मोटार दोन्ही माझ्याबरोबर गॅलरीभर फिरल्या, पाय होता तिथेच.

"अप्पा, आता काय करावं?"

अप्पांनी डब्याचं झाकण लावलं. "घाई करू नये," एवढंच म्हणाले.

ते माझी परीक्षा बघताहेत. सगळं माहीत असून सांगत नाहीत. जुन्या गुरूंची हीच पद्धत होती. शिष्यानं बारा वर्षं पाणी भरायचं आणि मग मंत्र मिळायचा. पण पुतळाबाईला बारा वर्षं कशी थांबवणार?

१९ जानेवारी, मंगळवार

सांध्यात रॉकेल सोडून ठेवलं आहे. घरभर रॉकेल आणि सुक्या बोंबलाचा मिळून वास. मोटारीच्या अंगात मासळी मुरलेली असल्यामुळे सकाळपासून सात मांजरं तिच्याभोवती बसून आहेत. घरमालकांनी वरून विचारलं, "कर्णिक, मोटार व्याली काय?"

सुहासिनी भात वाढताना म्हणाली, "अहो, अप्पांना सारखं विचारत जाऊ नका."

"का?"

"त्यांना… म्हणजे अप्पा गोदीत होते, ते खरं तर…" तेवढ्यात दूध उतू गेलं.

वय झालंय म्हणायचं असेल तिला. पण हुनर वयानं जात नाही. उद्यापासून दिवसातून एकदाच विचारीन.

२४ जानेवारी, रविवार

महादू स्वतः आला. आडदांड माणूस, पण उजवा हात फडक्यानं गळ्याशी बांधलेला. अप्पांच्या समोर जमिनीवर बसला. म्हणाला, "बाबा, तुमी नुसता हात लावा. तुमचा हात लागला की होतंय बगा."

अप्पांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले. "अजून… अजून मुरू द्या तेलात," म्हणाले.

"बाबा बोलले मुरू द्या, मंग मुरू द्या," महादू म्हणाला आणि निश्चिंत होऊन चहा प्यायला.

तो गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "विद्याधरराव, एक सांगायचं होतं. मी गोदीत होतो खरा, पण…"

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "अप्पा, माझ्यापाशी संकोच नको. मी स्वतःला तुमचा शिष्य समजतो." त्यांचे डोळे एकदम ओले झाले. मलाही भरून आलं.

संध्याकाळी दुसरा प्रयत्न. झोपाळा उतरवला, त्याच्या कड्यांना मोटार डोक्यानं टांगली आणि पायाला मीच लोंबकळलो. माझं वजन एकशेवीस रत्तल. कल्पना बरोबर होती. पाय निघाला नाही, पण एक कडी निघाली. मोटार आणि मी अर्धं वर्तुळ काढून पाण्याच्या पिंपावर गेलो. माझा गुडघा सुजला आहे. पिंपाला पोचा आला. मोटारीला काही नाही. साहेब लोकांची बनावट मजबूत, यात शंका नाही.

२६ जानेवारी, मंगळवार

सुट्टी. उष्णतेनं धातू प्रसरण पावतो हे शाळेतच शिकलो आहे. कोपऱ्यावरच्या डागकाम करणाऱ्याकडून ब्लोलॅम्प आणला. सकाळी उठून बघतो तर गॅलरीत वाळू भरलेल्या दोन बादल्या, त्यांवर लाल खडूनं 'आग' असं लिहिलेलं. "ह्या कशाला?" मी अप्पांना विचारलं. "रॉकेल जिथं तिथं वाळू. नियम आहे," ते म्हणाले.

दहा वाजता झेंडावंदन करून मंडळी परत येत होती, त्याच वेळी मोटारीच्या रंगानं पेट घेतला. आठवडाभर मी सांध्यात रॉकेल ओततोय हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. ज्वाळा सुहासिनीच्या वाळत घातलेल्या पातळापर्यंत गेली. अप्पांनी एक बादली मोटारीवर ओतली, दुसरी माझ्यावर. मी पेटलो नव्हतो, पण ओतली.

आग लागणार हे त्या माणसाला आधी कळलं होतं! यालाच म्हणतात अनुभव. अंगणात जमलेल्या सगळ्यांना मी मोठ्यानं सांगितलं, "मुंबईत असा फिटर दुसरा सापडायचा नाही." टाळ्या पडल्या. अप्पा मात्र आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारी जेवले नाहीत.

पाय निघालेला नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार

फार वाईट बातमी. अप्पा पेणला, त्यांच्या चुलतभावाकडे, कायमचे जाणार म्हणतात. पुढच्या रविवारी दुपारी, भाऊच्या धक्क्यावरून धरमतरच्या बोटीनं. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं? आणि माझा इथं उपयोग काय?" असं म्हणाले.

मला कारण ठाऊक आहे. माझ्या आडमुठ्या हातांचा त्यांना वीट आला आहे. ज्यानं आगबोटी हाताळल्या, त्यानं माझा ब्लोलॅम्प किती दिवस सहन करायचा? सुहासिनी स्वयंपाकघरात रडत होती. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "तुम्हीच घालवताय त्यांना! सुखानं राहू देत नाही तुम्ही!"

"मी? मी तर त्यांना डोक्यावर घेतलंय."

"तेच! तेच म्हणतेय मी!"

बायकांचं बोलणं कधीकधी अगदी उलटं असतं. मी खरोखरच कुठे चुकलो? शोधून सापडत नाही. पण अप्पा गेले तर घर ओकं होईल हे कबूल केलं पाहिजे. सकाळी चहाच्या वेळी ते वर्तमानपत्राची पानं मोजून माझ्या हातात देतात, त्याचीसुद्धा सवय झाली आहे.

२ फेब्रुवारी, मंगळवार

पुतळाबाई कोळंबी घेऊन आली. निवडून देताना तिचे तळहात दिसले. फोड फुटून त्यावर पुन्हा फोड आले आहेत. सुहासिनीनं विचारलं, तेव्हा हसली. "वल्ह्याला काय ठावं बाय, धरणारा बाप्या हाय का बाई?"

मग जाताना पाटी डोक्यावर घेत सहज बोलल्यासारखी म्हणाली, "शिमग्यापर्यंत बगतंव. नायतर होडी माज्या भावाला देतंव नि ह्यानला गोरेगावच्या स्टुडिओत रखवालदार ठेवतंव. बसून काम हाय, खांद्याला बरं. पण दर्यापासून लांब हा मानूस काय करंल, मना ठावं नाय."

ती गेल्यावर मी आणि सुहासिनी कोळंबी सोलायला बसलो. मी फुशारकी मारली नसती तर एव्हाना त्यांनी दुसरा कोणी गाठला असता. खरं लिहायचं तर मला यंत्रातलं फारसं कळत नाही. घरातलं गजराचं घड्याळ मी दुरुस्त केल्यापासून उताणं ठेवलं तरच चालतं. पण आता माघार नाही. रविवारी पहार आणणार. सांध्यात पहार घालून उचकटायचा, मग काय व्हायचं ते होवो.

७ फेब्रुवारी, रविवार

आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी महादू आणि पुतळाबाई आले. अप्पांची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली, टांग्याला बारा वाजताची वेळ दिलेली. मी पहार घेऊन गॅलरीत गेलो आणि तिचं टोक सांध्यात बसवलं. महादू म्हणाला, "भाऊ, फुटंल काय?" मी म्हणालो, "फुटेल किंवा निघेल." पुतळाबाईनं डोळे मिटून घेतले.

आत अप्पा निघण्यापूर्वीची मोजदाद करत होते. वही घेऊन एकेक वस्तू मोठ्यानं वाचत होते, म्हणजे मागाहून कशाचा घोळ नको. "पाने चार. पेचकस दोन. हातोडी एक. मोगरी एक. बोल्ट, मोटारीचे…" आणि थांबले.

"विद्याधरराव! बोल्ट किती काढलेत?"

"पाच. तुम्हीच ठेवलेत की."

"पाच कसे असतील?"

मी पहारीवर भार टाकतच होतो. तेवढ्यात अप्पा वही हातात घेऊन, अनवाणी, धावत गॅलरीत आले आणि ओरडले, "पहार खाली ठेवा!"

अप्पांचा चढलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पहार हातून सुटून माझ्याच पायावर पडली.

अप्पा धापा टाकत होते. "एकतीस वर्षांत मला कुणी पाच बोल्ट मागितले नाहीत. चार मागितले, सहा मागितले, आठ, बारा. इकडे जितके तितकेच तिकडे. जोडीनं. पाच बोल्टांची मागणी आली तर मी माणूस परत पाठवायचो, जा, नीट मोजून ये. सहावा आहे. कुठेतरी आहे."

मी म्हणालो, "अहो, पण दिसत नाही!"

"दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. शोधा."

मी वर बघितलं, बाजूला बघितलं. पुतळाबाई मोटारीपाशी उकिडवी बसली आणि डोळ्यांनी न बघता बोटांनी चाचपत गेली, मासळी पोटाशी चाचपतात तशी. पाणी कापणाऱ्या पंख्याच्या वर, मागच्या बाजूला माशाच्या परासारखं एक छोटं पातं आहे. त्याच्या बुडाशी तिचं बोट थांबलं. "हितं वेगलं लागतंय," ती म्हणाली. कमरेची सुरी काढून तिनं टोकरायला सुरुवात केली. शिंपल्यांचा पांढरा थर, खाली चिखल, त्याखाली साहेबानं मारलेला रंग, त्याखाली एक भोक आणि भोकात, अगदी आत, सहावा बोल्ट.

पाना नंबर तीन. महादूनं डाव्या हातानं लावला, मी त्याच्या हातावर जोर दिला. करकर करत बोल्ट निघाला. अप्पांनी तो घेतला, पुसला, चिठ्ठी बांधली. मग लाकडी ठोकळा धरून मोगरीनं हळूहळू, चहूबाजूंनी ठोकलं. दहाव्या-बाराव्या टोल्याला पाय दोन बोटं खाली सरकला आणि मग सगळाच्या सगळा महादूच्या मांडीवर येऊन बसला. आतली रबरी चकती फाटून तिचे तुकडे झाले होते.

पुतळाबाईनं अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. अप्पा दचकून मागे सरकले. म्हणाले, "नको, नको. ऐका माझं. विद्याधरराव, तुम्हीही ऐका. मी फिटर नव्हतो. मी भांडारात होतो. स्टोअरकीपर. हत्यारं द्यायची आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायची. आयुष्यात मी एक नट पिळलेला नाही."

सुहासिनीनं तोंडावर पदर घेतला.

पुतळाबाई उठत म्हणाली, "मंग काय झालं? पिळणारे तीन झाले आमच्या वेसाव्यात. मोजणारा कोन होता?"

मी मात्र हे ऐकून घेतलं नाही. मी म्हणालो, "अप्पा, तुमचा मोठेपणा मला कळतो. श्रेय आमच्या पदरात पडावं म्हणून तुम्ही हे म्हणताय. एका नजरेत सहावा बोल्ट ओळखणारा माणूस फिटर नाही, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. सुहासिनीकडे बघितलं. ती हसत होती की रडत होती, सांगता येत नाही. शेवटी अप्पा "बरं" म्हणाले.

बारा वाजता टांगा आला. महादूनं बाहेर जाऊन टांगेवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, तो तसाच परत गेला. ट्रंक अप्पांनी स्वतः सोडली. जेवताना सुहासिनीनं मला सुरमईचे दोन तुकडे जास्त वाढले. कशाबद्दल ते बोलली नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

नवी चकती घालून पाय परत बसवला आणि आज वेसाव्याला मोटार होडीवर चढवली. महादूनं दोरी ओढली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली. बाजूच्या भोकातून पाण्याची धार बाहेर पडली तेव्हा किनाऱ्यावरच्या बायकांनी नारळ फोडला. पंप चालू आहे. महादू मागे बसला, सुकाणाचा दांडा डाव्या हातात. पुढे मी, अप्पा, सुहासिनी आणि मढला जाणारी सहा माणसं.

पुतळाबाई आमच्यात बसली होती. तिला हातांचं काय करावं कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग होडीच्या काठावर, मग पुन्हा मांडीवर. निम्म्या खाडीत तिची मान सुहासिनीच्या खांद्यावर कलली आणि ती झोपून गेली. एवढ्या आवाजात! मढला माणसं उतरली तरी उठली नाही. महादूनं होडी परत आणली. वेसाव्याला चार माणसं खोळंबून उभी होती, हाका मारत होती. महादूनं त्यांना हातानं थांबायची खूण केली आणि होडी किनाऱ्याला न लावता पुन्हा खाडीच्या तोंडाकडे वळवली. गिऱ्हाईक किनाऱ्यावर आणि होडी रिकामी! मोटार हळू, अगदी हळू ठेवलेली. एक फेरी झाली, दुसरी सुरू केली.

असा धंदा कसा होणार? मला राहवेना. मी महादूला सांगायला तोंड उघडलं, "महादू, अरे पेट्रोल…"

अप्पांनी माझा गुडघा दाबला. "गप्प बस रे, विद्या," ते हळूच म्हणाले.

लग्नाला सहा वर्षं झाली, अप्पा मला कायम 'अहो विद्याधरराव' म्हणत आलेत. ऊन फारच लागलं असावं त्यांना. उद्या सकाळी सुहासिनीला कोकमाचं सरबत करून द्यायला सांगितलं पाहिजे.